थिक आणि थिन : जाड-पातळच्या जोडीत न मावणारे दोन शब्द

दहावीच्या एका पोरानं मामावर दहा ओळी लिहून आणल्या होत्या. मामा पैलवान, आनंदवाडीच्या आखाड्यात एकेकाळी कुस्त्या मारलेला. तिसरी ओळ होती, ‘माय अंकल इज थिक.’ पोराच्या मनात ‘माझा मामा जाड आहे’ असं सरळ मराठी वाक्य होतं. शब्दकोशात जाडसमोर थिक सापडलं, बसवलं आणि मोकळा झाला. पण इंग्लंडमधल्या माणसानं ही ओळ वाचली तर त्याला मामाचा देह दिसणारच नाही. मामा मठ्ठ आहे, एवढंच त्याला कळेल, कारण तिकडच्या बोलीत माणसाला थिक म्हणणं म्हणजे बिनडोक म्हणणं. ‘मामाला इंग्रजी येत नाही हे तुझं नशीब,’ असं मी त्याला म्हटलं.

बेळगावातल्या वडगावात शिकवणी घेताना थिक-थिनची ही जोडी मला दरवर्षी भेटते. पोरं ती ‘थिक उलट थिन, जाड उलट पातळ’ अशी पाठ करून येतात आणि पहिल्याच निबंधात आपटतात. चूक पाठांतराची नाही. मराठीतलं जाड इंग्रजीत तीन-चार शब्दांत फुटतं, आणि इंग्रजीतलं थिक मराठीत येताना आणखी निराळ्या तीन-चार शब्दांत फुटतं. दोन्ही भाषांचे तुकडे एकमेकांवर बसत नाहीत. म्हणून मी जोडी पाठ करून घ्यायचं सोडून दिलं. त्याऐवजी काय करतो ते खाली पायरीपायरीनं लिहितो. लागणार फक्त एक वही आणि घरातलं स्वयंपाकघर.

पहिली पायरी : शब्दाआधी वस्तू बघा

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे मराठी वाक्य लिहा आणि त्यातलं विशेषण नव्हे, तर नाम अधोरेखित करा. भाकरी, ताक, केस, रवा, माणूस, धुकं, दोरी. मग त्या वस्तूला एकच प्रश्न विचारा : तिचं नेमकं काय मोजायचंय? दोन बाजूंमधलं अंतर? वाहण्याचा वेग? एका जागेतली दाटी? कणाचा आकार? की अंगावरचं मांस? उत्तर आलं की इंग्रजी शब्द जवळपास आपोआप ठरतो.

बेळगावातल्या पोरांना ही सवय जरा जास्तच लावावी लागते. कानावर कन्नडही असते आणि ती मदतीला येण्याऐवजी चूक पक्की करते. कन्नडमध्ये ‘दप्प’ म्हणजे पुस्तकही जाड आणि माणूसही जाड. ‘सण्ण’ म्हणजे लहानही आणि बारीकही. घरची भाषा आणि गल्लीतली भाषा दोघी एकच सांगताहेत म्हटल्यावर पोराला वाटतं, इंग्रजीही तसंच सांगणार. ती तसं सांगत नाही.

दुसरी पायरी : दोन बाजूंमधलं अंतर

हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात पक्का अर्थ. फळीच्या, भिंतीच्या, कागदाच्या, भाकरीच्या समोरासमोरच्या दोन पृष्ठभागांत जास्त अंतर असेल तर थिक, कमी असेल तर थिन. दोरी, तार, फांदी, बोट अशा गोल लांबट वस्तूंनाही हेच लागू. जाड पुस्तक हे थिक बुक, पातळ वही ही थिन नोटबुक. इथं थिक-थिन खरे सख्खे विरुद्धार्थी आहेत.

उदाहरणाला आपल्याकडे मांडे या गोड पोळ्यांपेक्षा चांगलं काही नाही. मांडे करणारी बाई पुरण-पोळीसारखं लाटणं घेऊन बसत नाही. ती साखर भरलेला उंडा हातावर झेलत झेलत असा पसरवत नेते की शेवटी तो तिच्या कोपरापर्यंत येतो, आणि मग पालथ्या घातलेल्या तापल्या भांड्यावर अलगद सोडते. उजेडासमोर धरला तर पलीकडचा हात दिसावा, इतका पातळ. याला इंग्रजीत थिन, आणि जोर द्यायचा तर पेपर-थिन. पोरं इथं हटकून ‘फाइन’ लिहितात, कारण त्यांच्या डोक्यात बारीक म्हणजे फाइन बसलेलं असतं. मांडा फाइन म्हटला तर तो छान झालाय, एवढाच अर्थ निघेल. तेही खोटं नसतं म्हणा.

आता माप. ही गोष्ट पुस्तकात क्वचित सांगतात, पण परीक्षेपेक्षा कारखान्यात जास्त उपयोगी पडते. माप सांगताना इंग्रजी नेहमी थिक वापरते, वस्तू कितीही पातळ असो. नऊ इंची भिंत ‘नाइन इंचेस थिक’, आणि झुळझुळीत प्लॅस्टिकची पिशवीही थिकच. ३१ डिसेंबर २०२२ पासून आपल्याकडे १२० मायक्रॉनपेक्षा कमी जाडीच्या प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे. १२० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम आठवा भाग. तरी इंग्रजीत लिहिताना ‘लेस दॅन वन हंड्रेड अँड ट्वेंटी मायक्रॉन्स थिक’ असंच लिहायचं. संख्येनंतर थिन कधीच येत नाही.

हे विचित्र वाटत असेल तर मराठीकडे बघा. आपणही ‘पिशवीची जाडी किती’ असंच विचारतो, पिशवी कितीही पातळ असली तरी. ‘पिशवीची पातळी किती’ असं विचारलं तर समोरचा पाण्याची टाकी शोधायला लागेल. म्हणून ‘हाऊ थिक इज इट?’ हा सरळ प्रश्न. ‘हाऊ थिन इज इट?’ विचारलंत तर वस्तू पातळ आहे हे तुम्ही आधीच मान्य करून फक्त किती पातळ, एवढं विचारताय.

उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, कामाला जाणाऱ्यांसाठी एक जास्तीचा इशारा. तारेचा किंवा पत्र्याचा गेज नंबर जाडीच्या उलटा चालतो. एसडब्ल्यूजी (स्टँडर्ड वायर गेज) मापात १८ नंबरची तार सुमारे १.२ मिलिमीटरची, तर २२ नंबरची सुमारे ०.७ मिलिमीटरची. नंबर वाढला की तार पातळ. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी इंग्रजी मेलमध्ये ‘वी नीड थिकर वायर’ असं लिहून त्यापुढं मोठा नंबर टाकायचा. समोरून पातळ तार यायची आणि दोघं एकमेकांवर चिडायचे. इंग्रजी बरोबर होतं, आकडा उलटा पडला होता. फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, थिक सेक्शन, थिन सेक्शन हे शब्द तर रोजचेच. पातळ भाग आधी थिजतो, जाड भाग शेवटपर्यंत रस ओढत राहतो आणि रस पुरला नाही तर आत पोकळी धरतो. ज्याचे वडील हे घरी येऊन सांगतात त्या पोराला थिक-थिन वेगळं शिकवावं लागत नाही.

तिसरी पायरी : ओतून बघा

इथं मराठीतलं जाड गळून पडतं आणि त्याच्या जागी घट्ट किंवा दाट येतं. जाड आमटी कुणी म्हणत नाही. इंग्रजीत मात्र शब्द तोच राहतो : घट्ट आमटी थिक, पातळ आमटी थिन. घट्ट दही थिक कर्ड, आणि कन्नडमध्येही ‘गट्टी मोसरू’. आमटी दाट करायची तर ‘थिकन’, रंग पातळ करायचा तर ‘थिन डाउन’. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या थिनरचं नाव इथूनच आलंय.

पण वाहणाऱ्या सगळ्याच गोष्टींना हे लागू नाही. चहा घ्या. घट्ट चहा, पातळ चहा असं आपण म्हणतो खरं, पण इंग्रजीत चहा स्ट्राँग किंवा वीक असतो. थिक टी म्हटलं तर ऐकणारा चमचा बुडतो का ते बघेल. दुधात पाणी घातलेलं असेल तर थिनपेक्षा ‘वॉटर्ड-डाउन’ किंवा ‘वॉटरी’ जास्त नेमकं, कारण त्यात तक्रारही येते. प्रयोगशाळेतलं आम्ल थिन नसतं, ते डायल्यूट असतं, आणि त्याची उलट बाजू कॉन्सन्ट्रेटेड. पोट बिघडल्यावर डॉक्टरला सांगताना थिन नाही, लूज.

विज्ञानाच्या पेपरात गुण जातात ते थिक आणि डेन्स यांची गल्लत केल्यावर. एरंडेल तेल घरी असेल तर हा प्रयोग करा. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, वर दोन चमचे एरंडेल ओता. ते पाण्यापेक्षा कितीतरी घट्ट, चमच्यावरून सुटता सुटत नाही, आणि तरी पाण्यावर तरंगतं. म्हणजे ते थिक आहे, पण पाण्यापेक्षा डेन्स नाही. वाहायला किती आळशी हा थिकचा प्रश्न, तेवढ्याच आकारमानात वजन किती हा डेन्सचा. हा पेला डोळ्यांनी बघितलेलं पोर पुन्हा चुकत नाही, असा माझा अनुभव आहे. व्याख्या पाठ केलेलं चुकतं.

चौथी पायरी : एका जागेत किती दाटी

केस, झाडी, धुकं, धूर, गर्दी. इथं एकेका वस्तूची जाडी नव्हे, तर त्यांच्यामधली मोकळी जागा मोजतात. खानापूरच्या पुढं जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात गेलात तर रस्त्यावर उतरतं ते थिक फॉग, आणि बाजूचं भीमगडचं रान थिक किंवा डेन्स फॉरेस्ट. २०११ साली अभयारण्य झालेलं हे रान अजून बऱ्यापैकी राखलेलं आहे. पण उलट शब्द शोधायला गेलात की जोडी तुटते. विरळ रान थिन फॉरेस्ट नसतं, ते स्पार्स किंवा ओपन असतं. हलकं धुकं लाइट किंवा थिन, दोन्ही चालतं. आणि लोकवस्तीला थिक लावू नका. दाट वस्ती म्हणजे ‘डेन्सली पॉप्युलेटेड’, विरळ वस्ती म्हणजे ‘स्पार्सली पॉप्युलेटेड’.

केसांपाशी जरा थांबायला हवं. ‘थिक हेअर’ म्हणजे साधारणपणे भरपूर केस, डोक्याची कातडी न दिसणारे. एकेक केस राठ असेल तर ‘कोर्स’, रेशमी असेल तर ‘फाइन’. त्यामुळं एखाद्याचे केस एकाच वेळी थिक आणि फाइन असू शकतात : दाट, पण मऊ. पोरांना यात विरोध दिसतो, कारण त्यांच्या लेखी थिकच्या विरुद्ध बारीक आणि बारीक म्हणजे फाइन. आणि टक्कल पडायला लागलं की ‘हिज हेअर इज थिनिंग’. हे उदाहरण वर्गात देताना पोरं माझ्या डोक्याकडं बघतात, ती गोष्ट वेगळी.

शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला हाच अर्थ विरळणीवरून पटकन कळतो. मक्याचं किंवा गाजराचं बी दाट पडलं की मधली रोपं उपटून टाकतात, उरलेल्यांना जागा मिळावी म्हणून. त्याला इंग्रजीत थिनिंग म्हणतात. रोपं बारीक करायची नसतात, दाटी कमी करायची असते. उलट विरळणीनंतर उरलेलं गाजर चांगलं जाड होतं.

पाचवी पायरी : कण आणि धागा

जाड रवा. इथं नव्वद टक्के पोरं थिक लिहितात. कण मोठा असेल तर शब्द ‘कोर्स’, लहान असेल तर ‘फाइन’. रवा, पीठ, वाळू, मीठ, हळद, सगळ्याला हेच. खडेमीठ हे कोर्स सॉल्ट. जाडंभरडं कापड हेही कोर्स क्लॉथ, कारण तिथं पोत बोचतो, जाडी नाही.

पाककृती इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक फरक जपावा. बारीक चिरलेला कांदा ‘फाइनली चॉप्ड’, पातळ कापलेला कांदा ‘थिनली स्लाइस्ड’. पहिल्यात तुकडे लहान, दुसऱ्यात चकत्या चांगल्या लांबरुंद, फक्त पातळ. भजीसाठी पहिला कांदा घेतलात तर भजी नव्हे, गोळे होतील.

वडगाव-शहापूर-खासबागेतल्या मागावर तर हा फरक पैशांत मोजला जातो. सुताला फाइन आणि कोर्स म्हणतात, आणि त्याचा काउंट वाढला की धागा बारीक होतो. ८४० यार्डांची एक लड, अशा किती लडींचं वजन एक पौंड भरतं, तो सुताचा काउंट. लडी जितक्या जास्त मावल्या तितका धागा बारीक, म्हणून ८०चं सूत ४०पेक्षा तलम. रेशीम आणि पॉलिस्टरच्या धाग्याला मात्र डेनियर लावतात : ९००० मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम. इथं आकडा वाढला की धागा जाड. एकाच गल्लीत एका मागावर काउंट, शेजारच्या मागावर डेनियर, आणि दोघांची दिशा उलटी. विणकराच्या घरातली मुलगी हे मला न अडखळता सांगते आणि मग निबंधात ‘थिक रवा’ लिहिते. तिला एवढंच म्हणायचं, ‘अगं, रव्याला सुतासारखं समज.’

सहावी पायरी : माणूस

माणसाच्या बाबतीत थिन चालतं, थिक चालत नाही. पैलवान मामाचं दुखणं हेच. थिनच्या उलट इथं फॅट, पण तोंडावर फॅट म्हणणं उद्धटपणाचं. ‘हेवी’, ‘स्टाउट’, ‘ओव्हरवेट’ यांतून प्रसंग बघून निवडा. पैलवानाला ‘वेल-बिल्ट’ किंवा ‘ब्रॉनी’. अवयवांना मात्र थिक चालतं : थिक नेक, थिक फिंगर्स. मामाची मान थिक म्हणा, मामाला म्हणू नका.

बारीकच्या बाजूलाही छटा आहेत. ‘स्लिम’ आणि ‘स्लेंडर’ म्हणजे कौतुक, शेलाटा बांधा. ‘लीन’ म्हणजे चरबी नसलेला, काटक. ‘स्किनी’ म्हणजे हाडकुळा, आणि ते सहसा चिडवणंच. नुसतं थिन मध्यावर असतं, पण ‘यू लुक थिन’ म्हटलं तर त्यात काळजी येते, आपल्या आजीच्या ‘बारीक झालास रे’सारखी. कौतुकच करायचं असेल तर ‘यू लुक स्लिम’ म्हणा.

जाता जाता, थिन या शब्दाचं आपल्याशी जुनं नातं आहे. संस्कृत ‘तनु’ म्हणजे पातळ, नाजूक. तो शब्द आणि इंग्रजी थिन एकाच मूळ धातूतून आलेत, ताणणे या अर्थाच्या. ताणलं की पातळ होतं. मांड्याचा उंडा आठवा.

सातवी पायरी : जिथं वस्तूच नसते

लाक्षणिक प्रयोगांत विरुद्धार्थी शोधूच नका, जसाच्या तसा शब्दसमूह शिका. ‘थिक-स्किन्ड’ आणि ‘थिन-स्किन्ड’ ही जोडी तेवढी जमते : एक कोडगा, गेंड्याच्या कातडीचा, दुसरा लगेच मनाला लावून घेणारा. बाकी सगळे एकटे. ‘थिन एक्सक्यूज’ म्हणजे लंगडी सबब, पण ‘थिक एक्सक्यूज’ नाही. ‘थिक अ‍ॅक्सेंट’ म्हणजे उच्चारात मायबोलीची ठळक छाप, आणि त्याच्या उलट ‘स्लाइट अ‍ॅक्सेंट’. घट्ट मैत्रीला आपल्याकडे सर्रास ‘थिक फ्रेंड्स’ म्हणतात, बाहेर मात्र ‘क्लोज फ्रेंड्स’ लिहिलेलं बरं. दाट शक्यता ही ‘स्ट्राँग पॉसिबिलिटी’.

‘थ्रू थिक अँड थिन’ म्हणजे सुखदुःखात, पडत्या काळातही. हा प्रयोग चौदाव्या शतकातल्या इंग्रजीतही सापडतो, आणि तेव्हा त्याचा अर्थ शब्दशः होता : दाट झाडीतून आणि विरळ झाडीतून, वाट कशीही असो. म्हणजे तो चौथ्या पायरीवरचा, दाटीचा थिक. जाडीचा नाही.

लिहिताना आणि बोलताना

थिनर, थिनेस्ट, थिन्ड, थिनिंग यांत एन दोनदा. थिकपासून क्रियापद ‘थिकन’ होतं, पण थिनचं क्रियापद थिनच राहतं. उच्चारात आपला थ चालून जातो, फक्त जीभ दातांच्या टोकांमध्ये येऊन हवा घासत जावी. थचा ट मात्र होऊ देऊ नका : थिनचा ‘टिन’ झाला तर तो डबा, आणि थिकचा ‘टिक’ झाला तर बरोबरची खूण.

आता वही उघडा

आधी उत्तरं झाकून ठेवा. जाड तार. जाड मीठ. दाट वस्ती. घट्ट झाकण. पातळ ताक. बारीक ताप. बारीक अक्षर. विरळ हवा. आईनं दिवाळीला पातळ घेतलं.

क्रमानं बघा. तार थिक. मीठ कोर्स. वस्ती डेन्स. झाकण टाइट, कारण इथं घट्ट म्हणजे दाट नव्हे, आवळलेलं. ताक थिन. ताप माइल्ड किंवा स्लाइट. अक्षर स्मॉल, आणि रेघा नाजूक असतील तर फाइन. उंच डोंगरावरची हवा थिन, तिच्या उलट थिक एअर मात्र कुणी लिहीत नाही. शेवटच्या वाक्यात गेल्या वर्षी तिघांनी थिन लिहिलं होतं. एकानं तर ‘मदर बॉट थिन’ एवढंच लिहून पुढं प्रश्नचिन्ह टाकलं. आई विणकर, घरात माग, आणि पोराला ‘पातळ’ म्हणजे साडी हे माहीत नव्हतं. घरी आता सगळे साडीच म्हणतात, सर, असं तो म्हणाला. मी त्याला आजीला विचारून यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो पाचवारी, नऊवारी, लुगडं, गोल पातळ असे चार शब्द वहीत लिहून घेऊन आला.